घाण्याची दुनळी

शुक्रवारी दुपारी सव्वादोनला घरातली शेवटची बाई लिफ्टमध्ये शिरली आणि महादेव घरतांनी फ्लॅटच्या दाराला आतून कडी घातली. मग साखळी अडकवली. मग दाराला कान लावून लिफ्ट खाली गेल्याची खात्री करून घेतली. चार दिवसांत पहिल्यांदाच बिचारा माणूस स्वतःच्या घरात एकटा होता. मंगळवारी मुलाचं, प्रणितचं, लग्न. त्यामुळे रोडपालीच्या त्या दोन खोल्यांच्या घरात सध्या अकरा बायका, चार उशा आणि एक बाथरूम असा संसार चालला होता.

सगळ्या बायका चुडा भरायला पनवेलच्या बाजारात निघाल्या होत्या. पुढारीण होती करंजाहून आलेली महादेवरावांची थोरली बहीण, आशालता. करंजाच्या बंदरावर तिनं तीस वर्षं लिलावात आवाज लावलेला, त्यामुळे घरात बोलली तरी सातव्या मजल्यावरून खाली वॉचमन उठून उभा राहायचा. जाता जाता ती भावाला दम देऊन गेली होती.

"म्हादेव, देव्हाऱ्यापुढच्या मुसळांना हात लावायचा नाय. मंगळवारपर्यंत ती सोडायची नाय, हलवायची नाय. कळला का?"

"मी कशाला हात लावतो मुसळांना? मला काय काम?"

"तुला कदी काय काम निगंल, देवाला म्हाईत."

सकाळीच घाणा भरला होता. पाच सुवासिनींनी दोन मुसळं शेजारीशेजारी धरून दोऱ्यानं घट्ट बांधली, त्यांना आंब्याची पानं लावली, उखळात हळकुंडं कुटली, गाणी म्हटली आणि शेवटी प्रत्येकीनं त्या लाकडावर ओल्या हळदीचं एकेक बोट ओढलं. पाच बायकांची पाच बोटं. ही हळद आधी नवरदेवाला लागायची, मग त्याची उष्टी हळद नवरीकडे जायची. मध्ये कुणी बोट लावायचं नाही, हा नियम महादेवरावांना लहानपणापासून ठाऊक होता. तरीही साखळी लावून झाल्यावर ते सरळ देव्हाऱ्यापुढे गेले, एकदा नमस्कार केला आणि मुसळं उचलली.

आता तुम्ही म्हणाल, अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला मुसळं कशाला हवीत? तर बंदुकीच्या सरावाला!

हे सगळं साखरपुड्यात सुरू झालं. होणारी सून सोनम बंदुकीनं उडत्या तबकड्या फोडायची. म्हणजे यंत्रातून बशीएवढी मातीची तबकडी हवेत सुटते, आणि ती खाली पडायच्या आत छऱ्यांनी फोडायची. पोरीनं राज्याचं रौप्यपदक आणलं होतं. तिचे वडील चांगो भगत ते पदक हॉलमध्ये प्रत्येक पाहुण्याच्या हातात देत होते, वजन बघा म्हणत होते. महादेवरावांनी दोनदा वजन बघितलं. तिसऱ्यांदा पदक हातात आल्यावर मात्र त्यांच्यातला वरपिता खवळला.

"आमच्याकडं पन दुनळी हाय, दोन नळ्यांची बंदूक," ते म्हणाले. "बापाच्या वेळची. भातात रानडुक्कर शिरलेला, सत्तर पावलांवरून उडवला मी. तो पन काळोखात. नुसत्या आवाजावर."

दुनळी होती, एवढं खरं. वडिलांना पीक राखायला परवाना मिळाला होता आणि तो पुढे महादेवरावांच्या नावावर आला. पण त्यांनी ती आयुष्यात तीनदाच झाडली होती. पहिल्या वेळी खांदा आठवडाभर वर होईना. दुसऱ्या वेळी शेजाऱ्याच्या माडावरून एक शहाळं पडलं, त्याचे पैसे द्यावे लागले. तिसऱ्या वेळी समोर खरोखरच डुक्कर होतं. आवाज झाल्यावर ते थांबलं, त्यानं महादेवरावांकडे नीट पाहिलं आणि चालत निघून गेलं. पळालंसुद्धा नाही हो!

सोनमचे डोळे मात्र चमकले. "बाबा, सिरियसली? सत्तर पावलं? मग आमच्या क्लबनं रविवारी माझं केळवण ठेवलंय ना शूटिंग रेंजवर, तिथं तुम्ही पण पाच तबकड्या मारायच्या! माझे पप्पा पण मारणार आहेत. जेवणाआधी दोन्ही व्याह्यांची मॅच!"

हॉलभर टाळ्या पडल्या. महादेवरावांनी हातातलं पदक घाईनं पुढच्या पाहुण्याला देऊन टाकलं. त्याच टाळ्यांत आशालतानं आपलंही घोडं दामटलं होतं. "ते बंदुकीचं जाऊ दे गो. तांदळाची भाकरी येते ना?"

"येते की, आत्या," सोनम म्हणाली, आणि तिची आई घाईघाईनं म्हणाली, "पापडासारखी पातळ करते!"

"मग पूजेच्या दिवशी वीस भाकऱ्या तुज्या हातच्या. सगळा गाव जेवंल."

पुढे निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम निघाला. महादेवराव एवढ्या आनंदानं बंदूक जमा करायला गेले की हवालदारानं त्यांच्याकडे संशयानं पाहिलं. बंदूक नाही म्हणजे मॅच नाही! पण संध्याकाळी सोनमचा फोन आला. "बाबा, टेन्शन नका घेऊ. रेंजवर बंदुका असतात. खेळाडूंना सूट आहे." महादेवरावांनी "वा वा" म्हटलं आणि फोन ठेवून डोक्याला हात लावला.

तेव्हापासून ते चोरून मोबाइलवर एका मिशाळ उस्तादाचे व्हिडिओ बघत होते. उस्ताद हिंदीत सांगायचा की बंदूक नसली तरी घरी सराव होतो. भिंत आणि छत जिथं मिळतात ती रेघ म्हणजे तबकडीचा रस्ता समजा. नळीच्या टोकाला टॉर्च लावा आणि उजेड त्या रेघेवरून फिरवा. दोन्ही डोळे उघडे ठेवा. डावा डोळा दादागिरी करत असेल तर चष्म्याच्या डाव्या काचेला छोटा ठिपका चिकटवा. हातात बंदुकीच्या वजनाचं काहीतरी घ्या. महादेवरावांनी चार दिवस चोरून झाडू घेतला, पण तो अगदीच हलका. पाण्याचा पाइप घेतला, तो मधेच वाकायचा. आणि आज सकाळी बायका दोन मुसळं शेजारीशेजारी बांधताना त्यांनी दारातून पाहिलं, आणि त्यांना साक्षात दुनळी दिसली.

त्यांनी खिडकीचे पडदे ओढले. मुसळांच्या पुढच्या टोकाला रबरानं टॉर्च बांधला. आहेरातल्या टिकल्यांच्या पाकिटातून एक लाल टिकली काढून चष्म्याच्या डाव्या काचेवर लावली. आरशात बघायची सोय नव्हती, कारण आरशापुढे साड्यांची खोकी छतापर्यंत गेली होती. मग पाय फाकवून ते हॉलच्या मधोमध उभे राहिले.

"पुल!" ते ओरडले. तबकडी सोडायला असंच ओरडायचं असतं, हे उस्तादानं सांगितलं होतं.

मुसळं खांद्याला भिडली, लाकूड गालाला टेकलं, टॉर्चचा उजेड भिंतीवरून सरसरत गेला आणि पंख्यापाशी महादेवराव म्हणाले, "ठो!"

पहिल्या पाच वेळा उजेड रेघ सोडून कॅलेंडरवर, घड्याळावर आणि एकदा गोदावरीच्या फोटोवर गेला. गोदू म्हणजे त्यांची बायको, सहा वर्षांपूर्वी गेलेली. "सॉरी गो," ते फोटोला म्हणाले. पण वीस वेळा झाल्यावर हात बसायला लागला, आणि चाळीसनंतर तर माणसाला नशाच चढली. प्रत्येक वेळी ते डावा पाय आपटून पुढे टाकायचे, "पुल!" म्हणायचे, उजेड सुळकन धावायचा. त्यांनी पंख्याची तबकडी फोडली, ट्यूबलाइटची फोडली, चांगो भगतांच्या तर सलग नऊ फोडल्या. मनातल्या मनात सोनमनं स्वतःचं पदक काढून सासऱ्याच्या गळ्यात घातलं. घामानं शर्ट भिजला होता, पण तोंडावरचं हसू जाईना.

तेवढ्यात बेल वाजली.

महादेवरावांनी मुसळं सोफ्यामागे टाकली, धपकन आवाज झाला, आणि दार उघडलं. बाहेर सहाव्या मजल्यावरच्या सुमतीबाई उभ्या होत्या. निवृत्त शिक्षिका, गणिताच्या. लग्न केलेलं नाही, उत्तर चुकलेलं खपत नाही.

"महादेवराव, दोन ते चार सोसायटीत शांतता असते. गेला पाऊण तास माझ्या डोक्यावर धप, धप चाललंय. मी मोजलं, एकसष्ट वेळा. काय करताय तुम्ही?"

"हळद... हळद कुटतोय," महादेवरावांच्या तोंडून निघालं.

"तुम्ही? एकटे?"

"सगळ्या बाजारात गेल्यात ना."

सुमतीबाईंनी त्यांच्या चष्म्यावरच्या टिकलीकडे पाहिलं, मग गालाकडे पाहिलं, आणि त्यांच्या कपाळावर आठी उमटली. "लग्न प्रणितचंच आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो म्हणजे काय! मंगळवारी. यायचंय तुम्ही."

"येईन," असं तोडून म्हणत त्यांनी कडीला धरून दार स्वतःच ओढून घेतलं आणि जिना उतरल्या. बोलताना महादेवराव तीच बाहेरची कडी धरून उभे होते, तिला त्यांच्या हाताची हळद होती. ती सुमतीबाईंच्या तळहाताला लागली, आणि खाली जाऊन डोकं दुखतंय म्हणून त्यांनी गाल हातावर टेकला तेव्हा गालाला लागली. पण हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

पाय आपटायची सोय राहिली नाही, तेव्हा महादेवरावांनी सराव आवरला. मुसळं पुसली, देव्हाऱ्यापुढे होती तशी ठेवली, आंब्याची दोन पानं गळाली होती ती खोचून दिली. टॉर्च काढायचा राहिला. टिकलीही राहिली. आणि पोटात भुकेचा आगडोंब उसळला. चार दिवस केटररचा पुलाव खाऊन जीव विटला होता. त्यांनी साबणानं हात स्वच्छ धुतले आणि गॅसवर तवा ठेवला.

आता हे मात्र या माणसाचं खरं गुपित. बंदुकीबद्दल सांगायचे ते सगळं खोटं, आणि जे खरं होतं ते कुणाला सांगायचे नाहीत. तांदळाची भाकरी करावी तर महादेव घरतांनी! गोदू आजारी पडली तेव्हा तिला ओट्यापाशी उभं राहवेना. ती खुर्चीवर बसून सांगायची आणि हे थापायचे. उकड अशी मळा, पाण्याचा हात असा लावा, कडेला दाबू नका हो, अंगठा वर घ्या. सुरुवातीला नकाशे झाले. गोदू पोट धरून हसायची. जायच्या आधी पंधरा दिवस तिनं अर्धी भाकरी खाऊन म्हटलं, "आता माजी काळजी मिटली." तेव्हापासून ते रोज स्वतःची भाकरी स्वतः करत. पण घरतांच्या घरातला पुरुष भाकऱ्या थापतो हे गावात कळलं तर? म्हणून त्यांनी सगळ्यांना, अगदी आशालतालाही, सांगून ठेवलं होतं की भाकरीवाली बाई येते. प्रणितला ठाऊक होतं, पण बापाच्या आबरूपायी तो गप्प होता.

त्यांनी चार भाकऱ्या केल्या, दोन वालाच्या बिरड्याशी खाल्ल्या, दोन फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवल्या आणि सोफ्यावर आडवे झाले.

साडेपाचला दार धडाधडा वाजलं. महादेवरावांनी डोळे चोळत उघडलं. आशालता पिशव्यांसकट आत आली, दोन पावलं चालली आणि थांबली. तिच्यामागे दहा बायका एकमेकींवर आदळत थांबल्या.

"म्हादेव," ती म्हणाली. आवाज इतका खाली होता की महादेवरावांची झोप पार उडाली. "तुज्या गालाला काय हाय?"

त्यांनी गाल चोळला. बोटं पिवळी झाली.

"हळद!" एक बाई किंचाळली. "बाईच्या हाताची पाच बोटं उठलीत!"

"अगं, ती..."

"आनि चष्म्याला टिकली!" दुसरी म्हणाली. "कोनाची रे ती टिकली?"

आशालतानं पिशव्या खाली ठेवल्या. "आता लिफ्टमदी खालची मास्तरीण भेटली. दुधाची पिशवी घेऊन चाललेली. तिच्या पन गालाला हळद. मी विचारला, बाई, तुमाला हळद कुटं लागली? तर हात बगून बोलते, अगं बाई, दुपारी महादेवरावांकडे गेले होते, तिथंच लागली असेल!"

महादेवराव दोन्ही हात हलवत पुढे झाले. "ती भांडायला आलेली गो!"

"हळद लावून भांडतात?"

तोवर स्वयंपाकघरात गेलेली एक बाई टोपली घेऊन धावत आली. "ताई, भाकऱ्या! अजून मऊ हायत! आनि भाकरीवाली तर लग्नापर्यंत सुट्टीवर हाय असं हेच बोललेले!"

आशालतानं फडकं उलगडलं. भाकरी हातात घेतली, उजेडासमोर धरली, बोटानं कड चाचपली. "हात चांगला हाय बाईचा," ती सावकाश म्हणाली, आणि सोफ्यावर बसली. महादेवराव आता गडगडाट व्हायची वाट बघत होते. पण आशालताच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अरे, करायचा तर सांगून करायचा ना. आमी काय नाय बोललो असतो? सा वर्सं एकटा हायस तू, आमाला दिसत नाय काय? पन पोराच्या लग्नाच्या हळदीत, पोराच्या आदी, चोरून? प्रनितची हळद तू लावून घेतलीस रं!"

"ताई, तसा काय नाय!"

"मांडव एकच हाय," मागून कुणीतरी हिशोबी आवाजात म्हटलं. "मंगळवारीच दोन उरकू. जेवण पन एकच."

"मास्तरणीला शालू घ्यावा लागंल."

"तिला हिरवा शोभंल."

बघता बघता घरात दुसरं लग्न उभं राहिलं. एकीनं करंजाला फोन लावला. एक भटजींना विचारू म्हणाली. पाच मिनिटांत महादेवरावांचा मोबाइल वाजला. पलीकडे चांगो भगत होते.

"व्याही! अभिनंदन! तरीच म्हणलं, रविवारच्या मॅचचं एवढं टेन्शन कसं नाय तुम्हाला!"

महादेवरावांनी फोन बंद केला आणि चारी बाजूंनी अडकलेल्या उंदरासारखं दाराकडे पाहिलं. दारात सोनम उभी होती.

चुड्याचं माप द्यायला तीही बाजारात गेली होती आणि आत्यांच्या पिशव्या वर आणायला आली होती. पण लग्नाआधी नवरीनं उंबरा ओलांडायचा नाही, असं आशालतानं लिफ्टमध्येच बजावल्यामुळे ती बाहेर पॅसेजमध्ये, दोन्ही हातांत पिशव्या धरून, पायाची बोटं बरोबर उंबऱ्याला टेकवून उभी होती. महादेवरावांना वाटलं, जमीन दुभंगावी. बाकी कुणी काही म्हणो, पण या पोरीपुढे?

सोनमची मान मात्र तिरकी झाली होती. ती त्यांच्या गालाकडे बघत होती, आणि तिचे डोळे बारीक झाले होते.

"बाबा, जरा इकडे या ना. अजून पुढे. मान वळवा." महादेवराव उंबऱ्यापर्यंत गेले. तिनं बाहेरूनच गाल बघितला, शर्टाच्या खांद्यावरचा पिवळा ठसा बघितला, चष्म्यावरची टिकली बघितली. मग आत डोकावून देव्हाऱ्याकडे पाहिलं. मुसळांच्या टोकाला टॉर्च होता, आणि दुपारपासून पेटलेला होता.

"आत्या," ती म्हणाली, "ही कुणा बाईची बोटं नाहीयेत. ही बंदुकीची आहेत."

सगळ्या दाराशी गोळा झाल्या.

"टिकली डाव्या काचेला आहे. आमच्या क्लबमध्ये निम्मे लोक असंच चिकटवतात. खांद्यावर हा दस्त्याचा, बंदुकीच्या मागच्या टोकाचा ठसा. आणि गालावर हळदीची बोटं, ती मुसळावरची. मोजा हवं तर. बाबा मुसळांनी प्रॅक्टिस करत होते. रविवारसाठी." ती हसली. "कसले भारी आहात हो तुम्ही!"

अकरा माना मुसळांकडे वळल्या. सकाळच्या पाच बोटांच्या जागी नुसता पिवळा फराटा उरला होता.

"घाण्याच्या मुसळांनी?" आशालतानं विचारलं. हा आवाज मात्र खालच्या वॉचमनपर्यंत गेला. "तुला हात लावू नको बोललेली ना मी?"

"चुकला गो," महादेवराव म्हणाले. एवढ्या आनंदानं त्यांनी आयुष्यात बोलणी खाल्ली नव्हती.

"आनि भाकऱ्या? त्या पन मुसळांनी केल्या?"

सुटता सुटता माणूस परत अडकला. एका बाजूला सुमतीबाईंचं नाव, दुसऱ्या बाजूला घरतांची आबरू. महादेवरावांनी गोदूच्या फोटोकडे पाहिलं. ती नेहमीसारखीच, आता हसू का मग अशी बघत होती.

"मी केल्या," ते म्हणाले.

"तू? तुला पानी तापवता येत नाय!"

"सा वर्सं मीच करतोय. भाकरीवाली कोन नाय. गोदूनं शिकवला."

अकराच्या अकरा बायका एकदम हसायला लागल्या. आशालता उठली, भावाचा दंड धरून त्याला ओट्याशी नेलं आणि पिठाचा डबा पुढे आदळला. "कर. माज्या समोर."

आणि महादेव घरतांनी केली. उकड काढली, मळली, पाण्याचा हात लावून थापली. भाकरी परातीत गरागरा फिरत मोठी होत गेली, कड कुठं चिरली नाही. तव्यावर पाणी फिरलं, भाकरी उलटली आणि टम्म फुगली. हसणं बंद झालं होतं. आशालता तोंडाला पदर लावून पुन्हा रडत होती, यावेळी वेगळं.

"येडा हायस तू," ती म्हणाली. "हे लपवलास, आनि डुक्कर सांगत फिरलास?"

मग तिनं तोंड धुतलं, पदर खोचला आणि बायकांना कामाला लावलं. करंजाला उलटा फोन करायचा होता, भटजींना नाही म्हणायचं होतं, आणि मुसळांना नव्यानं हळद लावायची होती. "आता बाटलीच हायत तर अर्धा तास घे," ती भावाला म्हणाली, "पन रविवारी नाक कापून येऊ नको!"

महादेवराव मुसळं घेऊन दाराशी आले. सोनम अजून पॅसेजमध्येच होती.

"बाबा, खरं सांगू?" ती हळूच म्हणाली. "डाग फार खाली पडलाय, जबड्यावर. गालाचं हाड लाकडाला टेकतच नाहीये तुमचं. असं मारलंत तर सगळे छरे तबकडीच्या वरून जातील." ती जरा थांबली. "डुकराच्या पण वरूनच गेले असतील ना?"

महादेवरावांनी मान खाली घातली. "तो चालत गेला. पळाला पन नाय."

सोनमनं तोंडावर हात दाबून हसू आवरलं. तेव्हा त्यांना तिच्या बोटांची टोकं दिसली. चारही लाल, एकावर फोड.

"हे काय गो?"

आता मान खाली घालायची पाळी तिची होती. "भाकरी," ती म्हणाली. "पंधरा दिवस दार लावून एकटीच प्रॅक्टिस करतेय. एक पण गोल होत नाही. साखरपुड्याला मी उगाच येते म्हटलं, आणि आई अजून चढवून बोलली. बाबा, वीस भाकऱ्या, सगळ्या गावासमोर! मी नॅशनलला पण एवढी घाबरले नव्हते."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एक उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. मग महादेवराव आत गेले आणि परात घेऊन आले.

परात उंबऱ्यावर ठेवली, अर्धी आत अर्धी बाहेर. "अंगठा वर घे. कडेला दाबू नको," ते सांगत होते, आणि सोनम पॅसेजमध्ये मांडी घालून थापत होती. पहिला नकाशा झाला. दुसरा जरा बरा नकाशा झाला. तिसरीला दोघांनी मिळून गोल म्हणायचं ठरवलं. मग पिठाचे हात झटकून ती उठली. "आता तुमची बारी. आधी मी दाखवते, बघा. गाल लाकडाकडे न्यायचा नाही, लाकूड गालाकडे आणायचं." तिनं मुसळं उचलली, खांद्याला लावली, टॉर्चचा उजेड पॅसेजच्या रेघेवरून दोरी ओढल्यासारखा सरळ नेला आणि लिफ्टच्या दारावर थांबवला. "पुल!"

लिफ्टचं दार उघडलं. आत सुमतीबाई होत्या. त्यांनी दोन्ही हात वर केले.

"मी फक्त सांगायला आले होते," त्या हात वर ठेवूनच म्हणाल्या, "की माझं तुमच्याशी लग्न ठरल्याचं आत्ता वॉचमननं सांगितलं. मला काहीच कल्पना नव्हती."

रविवारी रेंजवर चांगो भगतांनी पाचांतल्या चार तबकड्या फोडल्या. महादेवरावांच्या पहिल्या चार सुखरूप जाऊन गवतात पडल्या. पाचवीला त्यांनी लाकूड गालाच्या हाडाशी आणलं, त्यांना एकदम ओल्या हळदीचा वास आला, आणि समोर हवेत तबकडीचा भुगा झाला. मंगळवारी लग्नात त्यांनी प्रत्येक पाहुण्याला सांगितलं, "पाचांत एक." ना सत्तर पावलं, ना काळोख. लोकांनी न विचारता सांगितलं. अक्षता टाकायला आलेल्या सुमतीबाईंनाही सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, "वीस टक्के. पास व्हायला पस्तीस लागतात."

पूजेच्या दिवशी सगळा गाव पंगतीला बसला. सोनमनं वीस भाकऱ्या केल्या. अठरा गोल होत्या, दोन तिनं आपल्या ताटात लपवल्या. आशालतानं पहिला घास तोंडात घातला आणि ती चावायची थांबली.

"ही तर गोदूच्या हातची भाकरी," ती म्हणाली.

सोनमनं सासऱ्यांकडे पाहिलं. आज लपवायचं नाही, असं महादेवरावांनी ठरवलं, आणि ते भर पंगतीत उभे राहिले.

"मी शिकवली," ते म्हणाले. "गोदूनं मला, मी सुनेला."

मग पलीकडच्या ओळीत चांगो भगतांच्या खांद्यांनी हलायला सुरुवात केली, आणि सगळी पंगत खो खो हसत सुटली.

"व्याही," चांगो डोळे पुसत म्हणाले, "डुकराचं एकवेळ पटलं आमाला. पन भाकरीची थाप काय पटत नाय बुवा!"